मिरजेतली सिस्टरांची जखम-ओपीडी: चार स्टार, एक कापला तो जिन्यासाठी

इथं आलेले बरेच जण बाहेर पडताना कुरकुर करतात की "डॉक्टर भेटलेच नाहीत, नुसत्या सिस्टरनीच बघितलं". तर आधीच सांगते, हो, इथं सिस्टरच बघतात. सर्जन मंगळवार-शुक्रवार येतात, बाकी सगळं ड्रेसिंग, मोजमाप, पट्टी, प्लास्टर बदलणं, घरच्यांना शिकवणं सगळं सिस्टर लोकांच्या हातात आहे आणि माझ्या मते जागा चांगली असण्याचं कारणच ते आहे. ज्याला पाच मिनिटांत डॉक्टरांची सही आणि अँटिबायोटिकची चिठ्ठी पाहिजे त्यानं येऊच नये, उगाच वैतागेल.

आमची केस अशी. बाबा ७१ वर्षांचे, शुगर जुनी, वीसेक वर्षांची असेल. चैत्रात नरसोबाच्या वाडीला गेले, देवळाच्या आवारात अनवाणी, वरून ऊन, खालची फरशी तापलेली. घरी आले तेव्हा उजव्या अंगठ्याच्या मागं तळव्यावर मोठा फोड आणि ह्यांना पत्ताच नाही! आईनं मोजा काढताना बघितला. मग एका ठिकाणी (नाव घेत नाही) रोज ड्रेसिंग सुरू झालं, रोज म्हणजे रोज. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस आला की पुसायचं, बेटाडीन, गॉज, रोलर बँडेज, दीडशे रुपये, उद्या या. एक अँटिबायोटिक संपलं की दुसरं. पावसाळा संपला, गणपती झाले, जखम तेवढीच. आणि बाबा त्याच पायावर त्याच रबरी स्लिपरमध्ये रोज चालत ड्रेसिंगला जायचे हे कुणालाच खटकलं नाही. त्या कंपाउंडरचा दोष म्हणत नाही मी, तो बिचारा सांगितलेलं काम करत होता, पण इतक्या दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही की ही भरत का नाहीये.

इथं पहिल्या दिवशी तेच विचारलं. बाबांचे दोन्ही पाय बघितले, दुखरा एकच असला तरी दोन्ही. बोटांच्या बेचक्या उघडून, टाचा, नखं, पोटरीवरची कातडी, पाय गार आहे का गरम. मग मोठ्या सिस्टरनी एक जाडसर नायलॉनचा दोरा लावलेली दांडी काढली. तो दोरा बरोबर १० ग्रॅम वजनाला वाकतो, तळव्याला टेकवायचा आणि पेशंटनं डोळे मिटून लागलं की सांगायचं. बाबा डोळे मिटून बसले. सिस्टर अंगठ्याला टेकवतायत, करंगळीखाली टेकवतायत, चवड्यावर टेकवतायत, बाबा गप्प. थोड्या वेळानं बाबाच म्हणाले, "सिस्टर, सुरू करा की." तोपर्यंत सगळ्या जागा करून झाल्या होत्या. आई माझ्याकडं बघायला लागली. इतकी वर्षं शुगरचे रिपोर्ट फाइलला लावतोय पण पायाला काही समजतच नाही हे त्या दोन मिनिटांत कळलं.

मग रक्तपुरवठा. छोटं डॉपलर मशीन असतं, पेनासारखं टोक, जेल लावून घोट्याजवळ धरलं की हुश्श हुश्श आवाज येतो. घोट्याचं बीपी आणि हाताचं बीपी घेऊन भागाकार करतात, ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे असं धरतात. पण शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा कडक झालेल्या असतात म्हणून हा आकडा कधी कधी खोटाच चांगला येतो, त्यामुळं सिस्टर आकड्यावर थांबत नाहीत, आवाज कसा येतोय ते पण ऐकतात आणि शंका आली तर पायाचा कलर डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून आणायला लावतात. आमचा ठीक आला. ज्यांचा आला नाही त्यांचं सांगते पुढं.

त्यानंतर जे झालं त्यावर आई दोन दिवस चिडलेली होती. जखमेच्या भोवती पिवळट जाड कातडीचं कडं होतं, घट्टा झाला होता तसा. सिस्टरनी ब्लेडनं ते सगळं सोलून काढलं. आत जाताना रुपयाएवढी असलेली जखम बाहेर येताना त्याच्या दुप्पट! आई म्हणते "भरायला आणली होती का वाढवायला". तर सिस्टरनी तिला खुर्ची जवळ ओढून दाखवलं, की कातडीच्या खाली जखम आधीपासून पसरलेलीच होती, वरून झाकलेली होती म्हणून दिसत नव्हती. आणि तो घट्टा म्हणजे चपलेत खडा घालून चालल्यासारखं, प्रत्येक पावलाला आतलं मांस चेपतं. मग स्टीलची बोथट काडी घालून खोली बघितली, टोक टणक हाडाला टेकतंय का ते. टेकलं तर हाडात इन्फेक्शन असायची शक्यता वाढते. आमचं टेकलं नाही तरी एक्स-रे काढायला लावला आणि तीन आठवड्यांनी परत काढायला लावला, कारण सुरुवातीला हाडाचं इन्फेक्शन एक्स-रेत दिसत नाही म्हणे. तेव्हा वाटलं पैसे काढतायत. पण ही पद्धतच आहे, माझ्या मामेबहिणीचा नवरा ऑर्थोपेडिकवाला आहे त्याला विचारलं, तो म्हणाला बरोबर आहे.

आता खरी गोष्ट. ह्या लोकांचं म्हणणं असं की तळव्याच्या जखमेवर काय लावता ह्यापेक्षा त्या जागेवर भार पडू न देणं महत्त्वाचं. बाबांना गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घालायचं ठरलं, हाड मोडल्यावर घालतात तसंच पण आत नीट पॅडिंग करून, म्हणजे चालताना वजन सगळ्या पायावर वाटलं जातं आणि जखमेवर दाब येत नाही. बाबा तयार नाहीत. "आत कुजेल." सगळ्यांना हीच भीती वाटते, वेटिंगमध्ये पण लोक हेच बोलत होते. सिस्टरनी सांगितलं की रक्तपुरवठा बरा असेल आणि इन्फेक्शन नसेल तरच घालतो, पहिलं दोन-तीन दिवसांत उघडून बघतो, मग दर आठवड्याला बदलतो. ही काही नवीन टूम नाहीये. आपल्याकडं वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या तळव्याच्या जखमांना असंच प्लास्टर वापरलं होतं, १९४६ साली आले होते ते वेल्लोरला. कुष्ठरोगात पण पायाची संवेदना जाते, शुगरमध्ये पण जाते, त्यामुळं जखम होण्याची तऱ्हा तीच आणि इलाजही तोच. काळ्या मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते ना, ती पण त्याच कामातून आलेली. बाबांना हे ऐकून बरं वाटायच्याऐवजी वाईट वाटलं, "मला काय महारोग झालाय का", आमच्या पिढीपर्यंत तो शब्द गेलेला नाही डोक्यातून. मग सिस्टरच म्हणाल्या "काका, औषध कुठल्या आजारातून आलं ते काय बघायचं, तुमचा पाय वाचतोय ना". घातलं शेवटी.

चार आठवड्यांचा नियम आहे त्यांचा. दर खेपेला जखमेशेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो, लांबी, रुंदी, तारीख, सगळं त्यांच्या कार्डावर लिहितात. चार आठवड्यांत जखम निदान निम्मी झाली पाहिजे, नाही झाली तर तेच ड्रेसिंग पुढं ओढत बसायचं नाही, परत पहिल्यापासून बघायचं काय सुटतंय ते. मला ह्यातलं सगळ्यात हे आवडलं. आधीच्या ठिकाणी "बरी आहे, लाल दिसतेय" एवढ्यावर चाललं होतं, इथं कार्ड हातात धरून बाबा स्वतः सांगायचे गेल्या वेळी एवढी होती आता एवढी. आमची निम्म्याच्या थोडी कमीच झाली चार आठवड्यांत, म्हणजे नापास. लगेच मोठ्या सिस्टर बसल्या चौकशीला. खातात काय विचारलं. शुगरच्या भीतीनं बाबांनी एवढं कमी केलं होतं की दिवसाला दोन भाकरी आणि पालेभाजी, संपलं. कातडी कशातून तयार होणार म्हणाल्या, डाळ, अंडं, दही, मटकी काहीतरी पाहिजे प्रोटीनचं. बाबा गुरुवार-शनिवार अंडं खात नाहीत त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी त्या दिवशी पनीर ठरलं. शिवाय एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) परत करायला लावलं, ते नऊच्या वर निघालं, मग फिजिशियनकडं पाठवून इन्सुलिन सुरू झालं. जखमेच्या सिस्टरनी शुगर पकडली म्हणायला हरकत नाही.

ड्रेसिंगच्या मटेरियलबद्दल. आईची ठाम समजूत की जखम उघडी ठेवावी, वारं लागू द्यावं, सुकू द्यावी, खपली धरली की झालं. बहुतेक घरांत हेच चालतं, वर हळद, नाहीतर कॉफी पावडर, एकानं तर टूथपेस्ट लावून आणली होती आमच्यासमोर. इथं उलटं, झाकून थोडी ओलसर ठेवतात. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगानं येते, तेव्हापासून ड्रेसिंगचे हे सगळे फोम, जेल, अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून करतात ते) असे प्रकार निघाले. ओलसर म्हणजे लिबलिबीत नाही हां, कडेची कातडी पांढरी पडून फुगली तर सिस्टर लगेच प्रकार बदलतात. आणि हे सगळ्यांना लागू नाही, ज्याचं बोट रक्त न पोचल्यामुळं काळं कोरडं झालंय त्याला मुद्दाम कोरडंच ठेवतात, भिजवलं तर उलटं चिघळतं. शेजारच्या खाटेवर असे एक आजोबा होते, त्यांना ह्यांनी हातच लावला नाही फारसा, कोरडी पट्टी बांधली आणि त्याच दिवशी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं चिठ्ठी देऊन पाठवलं. त्यांच्या मुलाला राग आला की फी घेऊन काहीच केलं नाही. मला वाटतं तेच बरोबर केलं, दुसऱ्यांनी महिनाभर ड्रेसिंगचे पैसे घेतले असते.

आईनं केळीच्या पानाचं पण विचारून घेतलं. मला वाटलं सिस्टर हसतील, तर त्या म्हणाल्या मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या जखमांना वापरलंय केळीचं पान, पण निर्जंतुक करून, परसातलं तोडून नाही, आणि भाजलेलं वेगळं, शुगरचा पाय वेगळा.

महाग मटेरियल गळ्यात मारत नाहीत हे खरं. चांदीवालं (जंतू मारायला चांदी घातलेलं) ड्रेसिंग आम्हाला दोनच आठवडे वापरलं, वास आणि पस होता तेव्हा, मग बंद. फोमचं एक ड्रेसिंग साध्या गॉजच्या कितीतरी पट महाग पडतं पण ते तीन-चार दिवस ठेवता येतं, रिक्षाचे आणि रोजच्या फीचे पैसे धरले तर हिशोब जवळपास तिथंच येतो, आणि माझी रोजची अर्धी सुट्टी वाचली ते वेगळंच.

जयसिंगपूरच्या एक काकू यायच्या, त्यांची आमच्यापेक्षा वेगळी केस. पोळी-भाजीचा व्यवसाय, दिवसभर ओट्यापुढं उभं राहणं, आतल्या घोट्याच्या वर जखम, भोवतीची कातडी काळपट तपकिरी आणि कडक, कित्येक वर्षं उघडतेय भरतेय. शुगर नाही काही नाही. व्हेरिकोज व्हेन्सची, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांमुळं झालेली जखम. तिथं इलाज म्हणजे दाबाची पट्टी. आधी कापसाचा थर, मग क्रेप, मग इलॅस्टिक, मग स्वतःलाच चिकटणारी, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याजवळ साधारण ४० मिलिमीटरचा (बीपी मोजतात त्याच मापात) दाब आणि वर जाताना कमी होत जाणारा. ही पट्टी बांधणं म्हणजे कला आहे, सिस्टर बांधताना बघत राहावं असं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा, ओढ सारखी, कुठं सुरकुती नाही, पाय काटकोनात. तेच जर घरच्या कुणी पोटरीवर घट्ट आणि घोट्यावर ढिलं बांधलं तर पाय सुजून भोपळा. आणि डॉपलर केल्याशिवाय घोट्याला दाबाची पट्टी बांधायचीच नाही असा तिथं कडक नियम आहे, रक्त आधीच कमी पोचत असेल तर दाबानं पाय जाऊ शकतो. काकूंना रात्री खाज सुटली की त्या वरून गुंडाळा सोडायच्या आणि सकाळी परत आपल्या हातानं बांधून यायच्या, सिस्टरना एका नजरेत कळायचं. वर मशेरी. "काकू, तोंडाचा वास येतोय मला" एवढंच म्हणायच्या, काकू पदर तोंडाला. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात हे त्यांना पाठ झालं होतं, पण मशेरी काही सुटली नाही. जखम मात्र भरत आली होती शेवटचं बघितलं तेव्हा.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं की लोकांना वाटतं नात्यातली आहे.

एक, पायाच्या पेशंटची ओपीडी पहिल्या मजल्यावर! लिफ्ट आहे पण आम्ही गेलो त्यातल्या निम्म्या वेळा "दुरुस्तीचे काम चालू" बोर्ड. प्लास्टर घातलेला माणूस, ज्याला भार टाकू नका सांगितलंय, तो जिना चढून वर येतो प्लास्टर बदलायला. हे कुणाच्या डोक्यात कसं येत नाही. खाली एक व्हीलचेअर आहे, तिचा पाय ठेवायचा पत्रा तुटलेला आहे. ह्या एका गोष्टीसाठी पूर्ण एक स्टार कापलाय आणि लिफ्ट सुरू झाल्याशिवाय देणार नाही.

दोन, वेळ. अकराची वेळ देतात आणि एक वाजतो. एका जखमेला अर्धा तास लागतो हे मला मान्य आहे, मग त्या हिशोबानं वेळा द्या ना. शुगरचे पेशंट आहेत, जेवणाच्या वेळा चुकतात, एकदा एका बाईंची शुगर उतरून घाम फुटला तर सिस्टरनीच आपल्या डब्यातली साखर दिली.

तीन, बिलात "मटेरियल" अशी एकच ओळ. काय वापरलं, किती वापरलं, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारलं की सांगतात नीट, चिडत नाहीत, पण विचारायला का लागावं. बाय द वे, साधी मेडिक्लेम असेल तर ओपीडी ड्रेसिंगचे पैसे मिळतील ह्या आशेवर राहू नका. ॲडमिशन झालेली असेल तर नंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्च धरतात, पॉलिसी वाचा, आणि त्यासाठी सुटी बिलं लागतात, म्हणून पण ही ओळ फोडून घ्या.

चार, घरी येऊन ड्रेसिंग करायची सर्व्हिस. ही ओपीडीच्या मानानं कच्ची आहे. बाबांना ताप होता म्हणून एकदा बोलावलं, तर आलेल्या ब्रदरनं (पुरुष नर्स) चिकटलेला गॉज तसाच कोरडा ओढायला घेतला. बाबांना दुखत नाही त्यामुळं ते शांत, मीच ओरडले, आधी सलाईन ओता की! रक्त आलं थोडं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरना फोटो पाठवला, त्यांचा स्वतःचा फोन आला दहा मिनिटांत, त्या ब्रदरला पुढच्या वेळी त्यांनी आमच्यासमोर उभं करून भिजवून काढायला लावलं. चूक झाली पण झाकली नाही, हे लिहायला पाहिजे. तरी जमत असेल तर ओपीडीतच न्या. आणि पाय लाल होत वर चढतोय, वास, थंडी-ताप, बोट काळं पडतंय असलं काही असेल तर ब्रदरची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, हे त्यांच्या कार्डाच्या मागंच छापलंय मोठ्या अक्षरात.

बाबांची जखम दिवाळीनंतर भरली. भरली म्हणजे संपलं नाही, हे पण सिस्टरनी भरल्याच्याच दिवशी ऐकवलं, पेढे घेऊन गेलो होतो तर पेढ्याकडं बघून आधी बाबांकडं डोळे वटारले आणि मग सांगितलं की भरलेल्या दहा जणांतल्या साधारण चौघांना वर्षाच्या आत परत होते. म्हणून आता दर महिन्याला घट्टा तासायला जातो. घरी रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बघायचं, बोटांच्या बेचक्यात तेल-क्रीम नाही, गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही, चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवायचा. कुरूप-घट्टा घरी ब्लेडनं कापायचा नाही. आणि देवळात सुद्धा अनवाणी नाही, मोजे तरी पाहिजेत, ह्यावर बाबा आणि सिस्टर यांचा वाद अजून चालू आहे.

जायचं असेल तर मंगळवार-शुक्रवार टाळा, त्या दिवशी सर्जनची गर्दी असते, बुधवारी सकाळी साडेनऊला गेलात तर मोठ्या सिस्टर स्वतः निवांत बघतात. पहिल्यांदा फी तीनशे, पुढं ड्रेसिंगप्रमाणे. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि रोज घालता ती चप्पल बरोबर न्या, नवी नाही, झिजलेली. ती उलटी करून बघतात. फोन लागत नाही, व्हॉट्सॲपवर मेसेज टाका. आणि निघायच्या आधी विचारून घ्या लिफ्ट चालू आहे का.